जत्रेआधी पकडलेला मुलाणी

एका बागायतदाराने आपल्या गावच्या मुलाण्याला खोटंच अडकवलं, आणि त्यासाठी माझं ठाणं वापरलं. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण ते प्रकरण आठवलं की आधी हसू येतं आणि मागोमाग डोकं तापतं.

फाळणीनंतरचे महिने होते. मी नगर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला फौजदार होतो. ओढ्यापलीकडे निजामाचं राज्य. लोक त्याला मोगलाई म्हणत. बागायतदार गुपचूप ठाण्यात आला. "सायेब, आमचा मुलानी मोगलाईला खबरा पोचवतोय. घरात हत्यारं हायेत."

झडती घेतली. पंचनाम्यात आल्या बकरी कापायच्या दोन सुऱ्या आणि धार लावायचा दगड. तरी वरच्या साहेबांचा तोंडी हुकूम आला, "परका माणूस आहे, ओढ्यापलीकडे घालवा."

पकडून आणलेला म्हातारा मुलाणी ठाण्यात माझ्यासमोर उकिडवा बसला.

"मोगलाईत कशाला जातोस?"

"लेक दिलीया तिकडं. तुमी न्हाई जात व्हय लेकीकडं?"

"तू कुठला?"

"हितलाच. बाप हितंच पुरलाय, इनाम जमीनबी हितंच. तिच्यावरच डोळा हाय त्या बागायतदाराचा."

जमीन खरोखरच बागायतदाराच्या विहिरीला लागून होती. पण पुरावा? मी शिपायाचा फौजदार झालेला माणूस. आईने मला बकऱ्यांच्या बाजारात एक शिकवलं होतं: ज्याला घाई, तो सौद्यात हरतो. साहेबांना "तपास चालू आहे" असं कळवलं आणि म्हाताऱ्याला ठाण्यातच ठेवून घेतलं.

तेवढ्यात गावदेवीची जत्रा आली. जत्रेचं बकरं मुलाण्यानेच हलाल करायचं. नाहीतर त्या मटणाला गावात कोणी शिवत नाही. खबर द्यायच्या घाईत बागायतदार हे साफ विसरला होता, आणि नवस त्याचाच होता! घामाघूम होऊन ठाण्यात हजर.

"सायेब, येक दिस सोडा त्याला. जावई आल्यात, बकरं दारात बांदलंय."

"तूच काप."

"आन् खानार कोन? देवी कोपंल की!"

"परक्याच्या हातात सुरी देऊ?"

"परका कशाचा? आमच्या गावचा मानकरी हाय त्यो!"

"हेच जबाबात सांग. खबर खोटी होती, तेही."

"खबरीचं राहू द्या की, सायेब."

"मग बकरंही राहू दे."

हवालदार भिंतीकडे तोंड करून हसत होता. शेवटी जबाबावर अंगठा उमटला. मुलाणी मात्र जागचा हलेना. "माज्या सुऱ्या जप्त हायेत. त्या द्या, मंग उटतो."

देश कोणाचा, हे तेव्हा जो तो ओरडून सांगत होता. मला ते ठाण्याच्या ओसरीवर कळलं. ज्याच्यावाचून आपल्या देवीचा नैवेद्य अडतो, तो आपला. त्याची प्रार्थना कोणती आणि लेक कुठे दिली, याने त्यात फरक पडत नाही.

खोट्या खबरीबद्दल खटला भरायचा माझा प्रस्ताव मात्र वरून परत आला: "मिटवून टाका." बागायतदार पुढे देशभक्तीची भाषणं करत फिरला. म्हातारा गावातच राहिला, पण त्याची माफी कोणी मागितली नाही. त्याला न पाहताच परका ठरवणारे साहेब आज माझ्यासारखेच पेन्शन खात आहेत. कशावरून ठरवलंत, साहेब? म्हातारा आता नाही, पण त्याची लेक आहे. ओढा ओलांडून जा आणि तिला उत्तर द्या.