सुनेचा हुकूम

मी मरायचो तो बहुतेक वेळा सुनेच्या सभ्यपणामुळे.

रिटायर झाल्यावर वर्षभर मी घरात सगळ्यांच्या पायात पायात करत होतो. विरारच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून खालच्या वॉचमनला सूचना देणं, एवढंच काम मला उरलं होतं. शेवटी मुलानं वैतागून मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवला. त्यांच्या बंदुकांच्या खेळात चौथा माणूस कमी पडत होता. मुलगा, सून, सुनेचा भाऊ आणि मी, अशी आमची टीम झाली. खेळ थोडक्यात असा: चौघांनी मिळून गोदामात बॉम्ब लावायचा आणि तो फुटेपर्यंत राखायचा. समोरचे चौघे तो निकामी करायला येतात. गोळी लागली की तो डाव संपेपर्यंत आपण नुसतं बघायचं आणि बोलायचं.

बॉम्बपाशी थांबून तो राखायचं काम माझ्याकडे होतं. नेम बरा होता माझा. आयुष्यभर स्टोअरकीपर होतो, समोरची वस्तू वीतभर हलली तरी मला दिसते. पण मागून कोणी आलं की कळायचं नाही. ते कळायचं सुनेला, कारण ती खेळातल्या गोदामाच्या गच्चीवरून सगळं बघत असायची. ती म्हणायची, "बाबा, तुमच्या मागे कोणीतरी आलंय बहुतेक, जरा बघता का?" वाक्य संपेपर्यंत मी आडवा झालेलो असायचो. नवऱ्याला मात्र ती "मागे" एवढंच सांगायची, आणि तो वाचायचा.

तिचा भाऊ अर्नाळ्याचा, बोटीवर जाणारा. त्याला हे बघवेना. एकदा तो तिला म्हणाला, "बोटीवर कोन मोठा, कोन लहान, बघत बसतो काय आपन? दोर सुटला दिसला की ज्याला दिसला त्यानं वरडायचं. मान द्यायचा तो बंदरात उतरल्यावर."

बरोबर होतं त्याचं. तरी मी फुगलो. उद्या सून घरातही मला ऊठ-बस करायला लावणार का, असं त्याला तोंडावर विचारलं आणि दोन दिवस मिठाची गुळणी धरून बसलो. तिनं बिचारीनं तो विषय पुन्हा काढला नाही. मी आपला मरत राहिलो आणि आम्ही हरत राहिलो.

मग आगाशीच्या एका हॉलमध्ये स्पर्धा लागली. आदल्या दिवशी सुनेचा भाऊ माझ्या मुलाला हळूच सांगत होता, ते मी ऐकलं. "या टायमाला पहिल्याच मॅचला बाहेर पडलो, तर काकांच्या जागी माझ्या चुलतभावाला घेऊ." मला जेवण गेलं नाही. खरं सांगतो, त्या खुर्चीवर बसलो की दिवसातला एक तास तरी कोणाला माझी गरज असायची. ती जागा गेली असती तर मी पुन्हा वॉचमनच्या डोक्याशी कटकट करत बसलो असतो. सकाळी चहाच्या वेळी मी सुनेला म्हणालो, "आज बाबा-बिबा काही नको. दिसेल ते सरळ ओरड." तिनं मान हलवली, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मला काही भरवसा वाटेना.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत माझी थोरली बहीण बसलेली. ती आगाशीलाच दिलेली. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीत बसू नये, असं मानणाऱ्यांतली ती. सून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली तेव्हाच तिच्या कपाळाला आठी पडली.

समोर चार कॉलेजची पोरं. मला बघून ती आपसात हसली. एक डाव त्यांचा, एक आमचा, असं करत शेवटच्या डावावर सगळं आलं. आम्ही बॉम्ब लावला. मुलगा पडला, सुनेचा भाऊ पडला. त्यांचेही दोघे पडले. आमच्याकडून उरलो मी आणि गच्चीवर सून, आणि तिची बंदूक नेमकी रिकामी झाली होती. हेडफोनमध्ये मला ऐकू आलं, "बा..." पुढचं अख्ख्या हॉलनं ऐकलं.

"मागे! वळ."

मी वळलो. पोरगं दारातच होतं. गोळी झाडली, ते पडलं. तेवढ्यात उरलेल्यानं सुनेला टिपलं. पण गोळी कुठून आली ते तिनं पाहिलं होतं.

"जिन्याखाली आहे. बस खाली. हलू नको."

मी पेटीआड बसलो. बॉम्बच्या दिशेनं पावलं वाजायला लागली. माझं बोट शिवशिवत होतं.

"थांब म्हटलं ना."

थांबलो. तो बॉम्बवर वाकला.

"आता."

मी उठून गोळी घातली आणि आम्ही जिंकलो. मुलानं मागून मला मिठी मारली. सुनेचा भाऊ टेबल बडवत होता. गुडघे दुखत असूनही मी उभा राहून नाचलो, आणि त्याची मला अजूनही लाज वाटत नाही. एवढा आनंद मला प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

बहीण उठून जवळ आली. "सून म्हणाली बस खाली, आणि तू बसलास?"

"बसलो," मी म्हणालो. "म्हणून तर जिंकलो."

सून हेडफोन काढून खाली मान घालून उभी होती. "बाबा, राग नाही ना आला?"

"आला. आधी 'बा' म्हणून अर्धा सेकंद घालवलास त्याचा. पुन्हा घालवलास तर तुझ्या जागी तुझ्या चुलतभावाला घेईन."

सुनेचा भाऊ एकदम टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. मुलगा खो खो हसत सुटला. पुढच्या मॅचला कोण कोण खेळणार, हे विचारत एक जण वही घेऊन आला. सुनेनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि सगळ्यांत वर माझं नाव लिहिलं.