थांबवलेलं विमान

समस्त गोंडपिपरीकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्या माणसाने आपल्या गावातली राइस मिल, दोन लग्नांच्या वराती आणि एकदा चक्क एका पुढाऱ्याची गाडी नुसते दोन हात वर करून थांबवली, तो माणूस आता आपल्यात नाही. तेव्हा यापुढे ज्याला जशी चालवायची तशी त्याने आपापली यंत्रं चालवावीत. अडवणारं कोणी नाही.

डोक्यावर दोन्ही मनगटांची फुली, ही भाऊंची खूण. विमानतळावर तिचा अर्थ 'थांब' असा होतो. भाऊ हवाई दलात मेकॅनिक होते. निवृत्त होऊन गावी आले आणि माझ्या फ्लेक्सच्या दुकानाला लागून त्यांनी मोटरपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. पाना जागेवर नसला की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरायची. पंप दुरुस्त झाला तरी भाऊ तो हातात देत नसत. आधी पाने मोजायचे.

"भाऊ, धान वाळून राह्यला. द्या ना लवकर."

"एक पाना कमी आहे."

"मंग मी खाल्ला का तो?"

"तू नाई. तुह्या पंपानं खाल्ला असन."

आणि अख्खा पंप पुन्हा खोलायचे. गिऱ्हाईक शिव्या देत माझ्याकडे येऊन बसायचं. भाऊंमुळे मी जेवढा चहा पाजला, तेवढा स्वतःच्या लग्नातही पाजला नसेल.

काही वर्षांपूर्वी आपली विमानं सीमेपार फार लांबवर गेली आणि शत्रूचा मोठा तळ उडवून आली. विमानं निघाली त्या ठिकाणी तेव्हा भाऊ नोकरीला होते. एवढंच गावाला कळलं होतं. बाकीचं गावाने स्वतःच्या मनाने भरलं. मग सव्वीस जानेवारीला सत्कार ठरला. निवेदक मी, फ्लेक्सही माझाच. त्यावर भाऊ विमानात बसलेले, मागे आगीचे लोळ, खाली 'शत्रूचा तळ उडवणारा आमचा वाघ'. मी माझ्या कलेवर बेहद्द खूश होतो.

भाऊ आले, वर पाहिलं.

"हा कोण आहे?"

"तुम्हीच की, भाऊ."

"मले मार्कंड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात चक्कर येते. उतरव ते."

कार्यक्रमाला अर्धा तास उरला होता. सरपंचबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, भाषणात एखादा बॉम्ब टाका ना. कोण पाहाले जाते?"

"मी पायतो ना," भाऊ म्हणाले. फ्लेक्स उतरेपर्यंत ते मंचाच्या पायरीवरून हलले नाहीत.

मग ते माईकसमोर उभे राहिले. माझ्या हातातल्या कागदावर तिथे 'टाळ्या' असं लिहिलेलं होतं.

"त्या दिवशी सकाळी चार विमानं निघाची होती," भाऊ म्हणाले. "एक माह्याकडं. टाक्या काठोकाठ, खाली बॉम्ब. पायलट बसला, इंजिन सुरू. तेवढ्यात मी पेटी मोजली. एक स्क्रूड्रायव्हर कमी. बोटाएवढा. तो विमानात राह्यला असन अन् वर गेल्यावर कुठी अडकला, तं विमान वळत नाई. अन् इतक्या दूर, शत्रूच्या डोक्यावर, उतराले जागा नसते. मी गप राह्यलो असतो तं कोणाले कळलं नसतं. सारे साहेब पाहून राह्यले होते. मी विमानापुढं जाऊन हात वर केले."

भाऊंनी माईक जरा जवळ ओढला.

"त्याच्या जागी राखीव विमान गेलं. काम फत्ते झालं, सारे वापस आले. माहा पायलट मात्र माह्यासंग एक शब्दही बोलला नाई. सारी जिंदगी ज्या दिवसासाठी शिकला, तो दिवस मी त्याचा घेतला."

"मंग स्क्रूड्रायव्हर?" मागून कोणीतरी विचारलं.

"माह्याच पँटीत. पोटरीजवळच्या खिशात."

मागची बाकं फिदीफिदी हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. भाऊ हसू ओसरेपर्यंत थांबले.

"उद्या पुन्हा एक कमी दिसला तं पुन्हा थांबवीन," ते म्हणाले. "खिशात आहे का विमानात, हे तवा मले काय माहीत?"

आता टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणालाच सुचेना. पहिल्या रांगेत बचत गटाच्या बायका होत्या. त्यातल्या एकीचा मुलगा मालाची गाडी चालवायचा. दोन वर्षांपूर्वी गॅरेजमधून गाडी घेऊन निघाला आणि पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर चाक निखळून अपघातात गेला. नट आवळायचे राहून गेले होते, असं लोक म्हणत. तेव्हापासून ती चारचौघांत तोंड उघडत नसे. ती जागेवरच उठून उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"माह्या पोराच्या गाडीपुढं काऊन नाई उभे राह्यले, भाऊ?"