दुपारची डाळ

नागपूरच्या महाल भागात आमच्या शेजारी एक सायकल दुरुस्त करणारा राहायचा. मी आणलेलं पोपटाचं पिल्लू माझ्या हातून काही खाईना, तेव्हा तोच रोज सकाळी दुकानात जाण्याआधी आणि पुन्हा दुपारी येऊन त्याला भरवायचा. शिजवलेल्या डाळीचा लगदा आधी स्वतःच्या ओठाला लावून किती गरम आहे ते बघायचा आणि "घे गा राजा" म्हणायचा. पिल्लू मान हलवत त्याच्याकडे धावायचं. पिल्लू माझं आणि ओढ त्याची, हे मला सहन व्हायचं नाही.

पिल्लाचे पंख भरल्यावर तो म्हणाला, "भाऊ, आता दुपारचं भरवणं बंद करू. भूक लागली की मिरचीले चोच मारते मंग आपोआप."

मी मात्र कचेरीतून जेवायला आलो की चोरून डाळ भरवू लागलो. भुकेपोटी पिल्लू माझ्याही हातचं खाऊ लागलं, मला बघून ओरडू लागलं. पिंजऱ्यातल्या मिरच्या तशाच सुकत राहिल्या.

"काहून खाऊन नाही राहिला बाप्पा हा? माझंच काही चुकलं," तो म्हणायचा.

एकदा त्याला चोचीखाली वाळलेली डाळ दिसली. त्याने ती नखाने हळूच काढली.

"तुमच्या हातचं खाते न? चांगलं झालं," तो म्हणाला. "आता तुम्हीच सोडवा त्याची सवय."

दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बोळाने कामावर जाऊ लागला. त्याचा आवाज ऐकला तर पोपट पुन्हा त्याच्यासाठी ओरडेल, असं तो माझ्या बायकोला म्हणाला होता. मी त्याला एकदाही हाक मारली नाही.