शेवटची मुलगी येईपर्यंत

शाळेत त्यांना भूगोलाचे सर म्हणून ओळखणारे दोनच: एक ते स्वतः आणि दुसरं वेळापत्रक. बाकी सगळ्यांसाठी ते माईकसर होते.

रोज सकाळी पहिल्या तासाआधी वर्गावर्गातल्या स्पीकरवरून शाळेच्या बातम्या द्यायचं काम त्यांचं. "प्रयोगशाळेतला सांगाडा दोन दिवस रजेवर आहे, त्याचा उजवा हात दुरुस्तीला गेलाय. जिन्यात सापडलेली पाण्याची बाटली कार्यालयात आहे. आतलं पाणी कुणीतरी पिऊन टाकलंय, ते मात्र परत मिळणार नाही." अशा बातम्या ते इतक्या गंभीर आवाजात देत, की गणिताच्या बाईसुद्धा खडू हातात धरून थांबायच्या. आपला आवाज चांगला आहे हे सरांना पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

पण त्यांचा खरा थाट दिसायचा तो वार्षिक सप्ताहात. त्या आठवड्यात शाळेत शिकणं सोडून बाकी सगळं चालायचं. यंदा सोमवारी वादविवाद झाला आणि दोन्ही बाजूंचे घसे बसले. मंगळवारी विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी ठरल्या वेळेआधीच उसळला, तोही नेमका मुख्याध्यापिकांच्या चपलांवर. बुधवारी नाटकातला राजा मिशी हातात घेऊन बोलला. गुरुवारच्या रस्सीखेचीत मुलांनी शिक्षकांना फरफटत नेलं, तेव्हा सर माईकवर म्हणाले, "शिक्षकांनी मोठ्या मनाने दोर पुढे दिला आहे." मैदान हसून हसून लोळलं.

धावण्याच्या शर्यतींसाठी मात्र त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्या शाळेला पाठ होता. पहिल्या येणाऱ्याला ते चार वाक्यांत मोकळं करत. "त्याला कप मिळणार आहे, माझी काय गरज?" म्हणत. खरं समालोचन सुरू व्हायचं ते शेवटच्यासाठी. तो कुठल्या वळणावर आहे, कसा दम टिकवतोय, रेषा किती जवळ आलीय, हे सगळं ते रंगवून सांगत आणि तो रेषा ओलांडेपर्यंत माईक बंद करत नसत. त्यामुळे शाळेला एक सवयच लागली होती. सरांचा आवाज थांबला की शर्यत संपली.

त्यांची मुलगी याच शाळेत नववीत होती. सोमवारी संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, शुक्रवारच्या दहा फेऱ्यांच्या शर्यतीत मी नाव दिलंय."

सरांचा घास हातातच राहिला. आईने आधी लेकीकडे पाहिलं. "तू? अगं, धावत गाठावी लागू नये म्हणून समोरची बस सोडून देतेस तू."

"मला माहितीये मी शेवटची येणार. पण पूर्ण करणार. रोज सकाळी पळतेय मी, तुम्हाला वाटतं दूध आणायला एवढा वेळ लागतो?" मग ती वडिलांकडे वळली. "पण बाबा, माझ्याबद्दल तू काही बोलायचं नाहीस. एक शब्दसुद्धा नाही."

"का गं?"

"मागच्या वर्षी एका फेरीच्या शर्यतीत काय म्हणाला होतास ते आठवतंय? 'ही मुलगी शर्यतीला नाही, सहलीला निघाली आहे.'"

"अगं, कौतुकाने म्हणालो होतो!"

"वर्गात वर्षभर मला सहल म्हणतात, बाबा. नावाने कुणी हाकच मारत नाही."

सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शाळेतल्या हरवलेल्या पेनांपासून सांगाड्याच्या हातापर्यंत सगळ्या बातम्या ज्यांच्याकडे यायच्या, त्यांच्याकडे ही एवढी एक बातमी आली नव्हती. त्यांना मनापासून वाईट वाटलं. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती हळूच म्हणाली, "नंबर तपासून देऊ का तुमचा? घरातलं माणूस दिसत नाही तुम्हाला."

"नाही बोलणार," सर म्हणाले. "शब्द दिला."

आणि शब्द पाळू याची त्यांना खात्री होती. गप्प बसणं म्हणजे काय मोठं काम, असं ते तीन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते.

शुक्रवारी मैदान खचाखच भरलं होतं. चुन्याच्या रेषा पांढऱ्याशुभ्र, कडेला पालकांच्या खुर्च्या, शेवटच्या रेषेजवळ सरांचं टेबल. शर्यत सुरू झाली. सरांनी पुढच्या मुलींचं वर्णन नेहमीच्या झोकात केलं. मागे, सगळ्यांच्या मागे, त्यांची लेक पळत होती. पाय जड पडत होते, पण लय सुटत नव्हती. तिच्याकडे पाहून सरांच्या तोंडात डझनभर वाक्यं तयार झाली आणि त्यांनी ती सगळी गिळली.

पहिली आली, दुसरी आली. बाकीच्याही एकेक करत आल्या. शेवटून दुसरी मुलगी रेषेपलीकडे जाऊन गवतावर आडवी झाली. लेकीच्या अजून दोन फेऱ्या उरल्या होत्या. सरांनी बटण दाबलं आणि माईक बंद केला.

पुढे काय होणार हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. आवाज थांबला तशी सगळ्या मैदानाने सुटकेचा श्वास सोडला. पालक खुर्च्या उचलून सावलीकडे निघाले, ते थेट धावपट्टीवरून. शिपायाने फीत गुंडाळली. खेळाच्या बाईंनी पलीकडच्या टोकाला रिलेच्या मुलांना पट्टीत उभं करायला घेतलं. आणि या सगळ्या गर्दीत लेक पळत होती. खुर्च्यांना वळसा घालत होती, कुणाच्या तरी पिशवीवरून उडी मारत होती. मधेच कुणीतरी ओरडलं, "ए सहल, संपली शर्यत! बाजूला हो!"

ती थांबली नाही. पण तिने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि तिचा पडलेला चेहरा सरांना टेबलाजवळून दिसला.

सरांचा हात बटणावर गेला आणि तिथेच अडला. शब्द दिला होता. शब्द मोडला तर घरात पुन्हा तोंड दाखवायची सोय नव्हती. नाही मोडला तर पोरगी महिनाभर ज्यासाठी पळाली, ते सगळं लोक तिच्या डोळ्यांदेखत गुंडाळून ठेवत होते. मग त्यांनी बटण दाबलं.

"पट्टी मोकळी करा," ते म्हणाले. "शर्यत चालू आहे."

एवढंच म्हणाले आणि पुन्हा माईक बंद केला. तिच्याबद्दल एक शब्दही नव्हता त्यात. पण आवाज माईकसरांचा होता. लोक जागच्या जागी थबकले. खुर्च्या मागे गेल्या, रिलेची मुलं गवतावर सरकली. शिपायाने फीत पुन्हा उलगडली आणि ती गाठ पडलेली असतानाच धरून उभा राहिला. सगळं मैदान चिडीचूप झालं. त्या शांततेत तिच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता.

शेवटच्या फेरीला ती टेबलासमोरून गेली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. सरांनी ओठ घट्ट मिटून दोन्ही हात वर केले. बघ, काही बोललो नाही.

ती पळता पळताच ओरडली, "नाव सांग ना बाबा माझं!"

सर ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. त्यांनी बटण दाबलं. सांगायला वाक्यं ढीगभर होती, पण त्यांनी एकही घेतलं नाही. फक्त मुलीचं पूर्ण नाव घेतलं: आधी तिचं, मधे वडिलांचं, म्हणजे स्वतःचंच, आणि मग आडनाव. मधल्या नावाशी आवाज फाटला. त्यांनी तो सावरला नाही.

नववीच्या मुलांनी ते नाव उचललं, मग सगळ्या मैदानाने. बघता बघता ती शेवटच्या वळणावर आली. ती रेषा ओलांडेपर्यंत सर तेच नाव पुन्हा पुन्हा घेत राहिले आणि मगच त्यांनी माईक बंद केला.