उजवीकडचा आवाज

गाणं लागलं की डोळे मिटून डोलणाऱ्यांतल्या शांताआक्का नव्हत्या. उजव्या स्पीकरसमोर पाट टाकून, त्याच्या जाळीवर एक हात ठेवून त्या बसायच्या आणि दबा धरून गाण्यातल्या एका जागेची वाट बघायच्या. ती जागा येऊन गेली की म्हणायच्या, "न्हाय. ह्यात न्हाय. दुसरं लाव."

मग मी मोबाइलवर दुसरी सेवा चालू करायची. उत्तम दर्जाचं संगीत ऐकवणाऱ्या अशा सेवा बऱ्याच निघाल्या आहेत आणि सुरुवातीला थोडे दिवस त्या फुकट चालतात. लोक निवड करताना कुणाकडे किती गाणी आहेत ते बघतात. आक्कांना एकच मैफल हवी होती आणि तिच्यातलाही एकच सूर.

आक्का मूळच्या गडहिंग्लजच्या. कोल्हापूरला राजारामपुरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी मुलींना गाणं शिकवायच्या, मीही तिथेच शिकले. कुणी भीतभीत सूर लावला की पेटी बंद व्हायची. "परत! मोकळ्या आवाजात. चोरी केलीयास काय?" त्यांचा तो 'परत' कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत ऐकू जायचा. कुणी दहादा चुकलं तरी त्या चिडायच्या नाहीत, पण आवाज दाबलेला त्यांना खपत नसे.

या बाईंनी एक दिवस भलाथोरला ॲम्प्लिफायर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर आणून हॉलमध्ये उभे केले तेव्हा सगळी बिल्डिंग हसली. म्हातारपणी हौस आली, म्हणाले. हौस कसली? आक्कांना उट्टं काढायचं होतं.

तरुणपणी त्या कोल्हापुरातल्या एका नामांकित बुवांकडे शिकत होत्या. मैफलीत शिष्यांनी तंबोरा घेऊन मागे बसायचं आणि बुवा दमले की हलकेच सूर धरून ठेवायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. नृसिंहवाडीच्या एका मैफलीत बुवा वरच्या सुरावर गेले आणि त्यांचा आवाज फाटला. आक्कांनी उजवीकडून, मागून तो सूर उचलला आणि बुवा सावरेपर्यंत लांबवत नेला. टाळ्या पडल्या, त्या बुवांना. पुढे त्या मैफलीची कॅसेट निघाली आणि नेमकी ती जागा गाजली. मला कॉलेजात सरांनी तीच जागा बुवांची म्हणून ऐकवली होती, तेव्हा आक्कांकडून खरं ठाऊक असल्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

कॅसेटवर आपलं नाव घालावं असं आक्कांनी बुवांना सुचवलं होतं. बुवा हसून म्हणाले, "तंबोऱ्याला कुठं नाव असतं?" त्यानंतर त्यांनी आक्कांना कधी मैफलीत मागे बसवलं नाही.

"त्या दिशी गिळून घरी आले गं," आक्का सांगायच्या, "पर पचलं न्हाय अजून."

पहिल्या सेवेवर तीच जुनी कॅसेट चढवलेली होती. तिच्यात दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र कालवले होते, आक्कांचा सूर बुवांच्या गळ्यात मिसळून गेला होता. दुसरीचा दर्जा फार वरचा, पण तिच्याकडे ती मैफलच नव्हती. तिसरीवर मात्र बुवांच्या मुलानं मोठ्या अभिमानानं मूळ टेपवरून नवी प्रत करून घातली होती. वडिलांच्या गाण्यातला बारीकसारीक श्वाससुद्धा जगाला ऐकू यावा म्हणून. ती जागा आली. डाव्या स्पीकरमध्ये बुवांचा आवाज खरखरून थांबला आणि उजवीकडून एक कोवळा, मोकळा आवाज उठला.

आक्कांनी जाळीवरचा हात उचलला. "सापडले बघ," त्या म्हणाल्या. "त्येच्या पोरानंच आणून दिलं. हीच ठेव. आनि बुवास्नी बोलाव."

बुवा आले. नव्वदीला टेकलेले, पण कान शाबूत. बरोबर मुलगा आणि शिष्यांपैकी दोघं. नव्या सिस्टीमवर आपलंच गाणं ऐकायला मिळणार म्हणून खुशीत होते. आक्कांनी त्यांना दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये खुर्ची दिली, चहा दिला आणि मला खूण केली.

ती जागा आली तशा सगळ्यांच्या माना एकदम उजवीकडे वळल्या. बुवांची तेवढी वळली नाही.

"बाबा, हा आवाज कुणाचा?" मुलानं विचारलं.

"असेल कुणी मागं," बुवा म्हणाले.

"परत लाव गं," आक्का म्हणाल्या.

मी परत लावलं. पुन्हा माना वळल्या. बुवांच्या बशीत चहा सांडला. मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू? मी आवाज आणखी वाढवला.

"शांता होती," शेवटी बुवा पुटपुटले.

"कोन शांता? पुरं नाव सांगा की पावण्यास्नी."

बुवांनी आढ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. इतकी वर्षं जिनं त्यांच्या मागे तंबोरा धरला, तिचं आडनाव त्यांना आठवत नव्हतं. मला वाटलं, आता आक्का कोसळतील. पण त्यांनी पाट पुढे सरकवला आणि आम्हा मुलींपुढे बसत तशा ताठ बसल्या.

"म्हना माझ्या मागनं. शांता मारुती चौगुले."

"आक्का, राहू दे ना," मुलगा म्हणाला.

"तू गप. शिकवनी चाललीया."

"शांता मारुती चौगुले," बुवा कसंबसं म्हणाले.

"परत! मोकळ्या आवाजात."

बुवांनी मान खाली घातली, श्वास भरला आणि म्हटलं. या वेळी झेरॉक्सवाल्यानं दुकानातून वर बघितलं, इतकं मोठ्यानं.

मुलानं त्याच आठवड्यात त्या सेवेवर मैफलीच्या कलाकारांच्या यादीत आक्कांचं नाव घातलं. मी धावत दाखवायला गेले. आक्कांनी चष्मा लावून ते वाचलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"आता ती सेवा बंद कर," त्या म्हणाल्या. "माझं काम झालं."

आक्का गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. स्पीकर माझ्याकडे आहेत. ती सेवा मी पुन्हा घेतली आहे. घरी गाण्यातला कुणी आला की मी त्याला मधल्या खुर्चीत बसवते, ती जागा येऊ देते, आणि मान वळली की त्याला विचारते, "कुणाचा आवाज, सांगा बघू? पूर्ण नाव."