रघोजीच्या बायकोचं नाव

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... घडलं तेवढं सांगते.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. आईला अर्धांगवायू — आठ महिने तोंडातून एक शब्द नाही. बँकेत जायच्या आधी आणि आल्यावर तिचं सगळं मीच करायचे. रडूही येईनासं झालं होतं.

आमचं आडनाव तारी. तर म्हणजे खाडीपार नेणारी होडी. ती चालवणारे ते तारी. बाबांनी वंशावळ काढली होती, पार सव्वाशे वर्षं मागे, रघोजीपर्यंत. त्याच्या बायकोच्या जागी मात्र नुसती रेघ. बाबा गावी पत्रं लिहून थकले, पण तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका रविवारी दुपारी दादा बाबांची ती वंशावळीची वही उतरवून घेत होता. मी आईला चमच्यानं पेज भरवत होते.

"रघोजी... बायको, नाव माहीत नाही," तो पुटपुटला.

"येसू," आई म्हणाली. "तर तीच चालवायची. तो मुंबईला गेला, परत आलाच नाही."

स्पष्ट. कुठेही न अडखळता.

दादाचं पेन थांबलं. "मीने, ऐकलंस ना?"

आई सोलापूरची. आमचं गाव तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

दादानं गावच्या चुलतकाकांना पत्र टाकलं — रघोजीची काही माहिती मिळते का बघा. येसूचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. दोनेक महिन्यांनी काका स्वतःच आले. देवळाच्या पेटीत एक मोडी कागद सापडला होता, तो एका म्हाताऱ्या मास्तरांनी वाचून दिला होता.

"अगो, येसू नाव तिचा! घोव मुंबयक गेलो तो परत येवकच नाय. मगे तर तिणाच चालवल्यान. म्हणान लोक पोरांका तारी म्हणूक लागले."

दादा घामाघूम झाला. मला मात्र काहीच वाटलं नाही. भीतीसुद्धा नाही. मी उठून चहा टाकला.

काका गेल्यावर मी आईजवळ बसले. "आई, माझं नाव सांग ना गं. एकदाच."

ती पंख्याकडे बघत राहिली.

त्यानंतर ती दोन वर्षं होती. बोलली नाही. एकदाच वाचा फुटली, तीही आमच्यापैकी कुणीच न पाहिलेल्या बाईसाठी. का... ते मला अजूनही कळलेलं नाही.