टोमॅटिलो धरला, दादा!

पेडण्याच्या बसस्टँडवर माझी बॅग चढवताना थोरला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुज्या हातान तणसुद्धा रुजूचा नाय." मी फक्त बाबांच्या मिरचीचं मूठभर बी मागितलं होतं. आमच्या गावची, पार्शातली जमीन दादाकडे राहिली, बीही त्याच्याकडेच. मी ॲरिझोनात आलो, फरशा बसवायचा धंदा उभा केला, घर घेतलं. ते वाक्य मात्र गिळलं गेलं नाही.

म्हणून यंदा परसात टोमॅटिलो लावला. इथल्या मेक्सिकन शेजाऱ्यांच्या चटणीतलं हे हिरवं फळ, टोमॅटोसारखंच, पण स्वतःच्याच कागदासारख्या सालीच्या पिशवीत वाढणारं. रोपवाली बाई म्हणाली, "दोन न्या." मी भडकलो. एकाच्या जागी दोन माझ्या गळ्यात मारते? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तयार झालेला माणूस मी! घासाघीस करून एकच आणलं.

इथली हवा ओठ फाडते. "रोपाच्या माथ्यार सावळी, पायांत ओल," म्हणत बाबा मिरचीवर माडाची चुडतं धरायचे. मी जुनी चादर ताणली, बुडाशी गवत पसरलं, ऊन चढायच्या आत पाणी घातलं. झाड कमरेएवढं झालं. पिवळी फुलं आली, गळाली. पुन्हा आली, पुन्हा गळाली. मला दादाचं हसू ऐकू येत होतं.

बाईशी भांडायलाच गेलो. ती म्हणाली, "एकटं झाड फळत नाही, दुसऱ्याचा पराग लागतो. म्हणून तर दोन म्हटलं होतं." आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितल्या भावाने वस्तू घेतली, आणि दुसरं रोप पहिल्याशेजारी लावलं. माझ्यासारख्या गावाबाहेर पडलेल्यांनो, आधी दोन रोपं लावा, भांडण मागाहून करा.

उन्हाळा उतरला आणि आज सकाळी बघतो तर पिशव्या तट्ट फुगलेल्या! अनवाणीच नाचलो. पहिला फोन पार्शाला. तिथे दिवेलागण झालेली.

"पिशवी रिती आसतली," दादा व्हिडिओवर म्हणाला. "सोलून दाखय."

सोललं. आत हिरवंगार, चिकट, लिंबाहून मोठं फळ. दादा हळूच म्हणाला, "माका ह्याचा बी ठेव मरे."

"आदी बाबांच्या मिरचीचा बी काढ. मगे बोलू."

"तू सुदारचो नाय!" असं ओरडत तो बियांचा डबा शोधायला आत गेला. पडद्यावर नुसती आमची ओसरी उरली. पत्ता विचारला तर मी ॲरिझोनाचा देतो. पण ज्या घराशी माझी घासाघीस अजून संपलेली नाही, ते हेच. मी फोन धरून उभा राहिलो.